रिंगणातली वाळू जाते कुठं? वाचकांचे प्रश्न

वाईजवळून एक वाचक विचारतात: चार वर्षांपूर्वी रानातच घोडे फिरवायला २० बाय ४० मीटरचं रिंगण केलं, काळ्या मातीवर डायरेक्ट वाळू ओतली. आता पावसात घोड्याचा पाय घोट्यापर्यंत रुततो आणि वाळू दिसतच नाही. अजून १० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) टाकू का?

थांबा, डंपर बोलवू नका. वाळू कुठं पळाली नाही, खाली मातीत बसलीय. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि वरची वाळू त्या भेगांत, म्हणजे तुम्ही दरवर्षी टाकणार आणि रान दरवर्षी गिळणार. आणि १० ब्रास म्हणजे एवढ्या जागेवर जेमतेम दीड इंच बरं का.

आधी पाण्याचं बघा. एक जोराची सर येऊ दे, छत्री घेऊन रिंगणात उभे राहा, पाणी कुठून येतंय, कुठं तुंबतंय त्याचे फोटो काढून ठेवा. डोंगराकडून वाहून येणारं पाणी आत घुसत असेल तर वरच्या अंगाला दोन-अडीच फूट खोल चर मारा, हे सगळ्यात स्वस्त काम आणि बऱ्याचदा निम्मा त्रास तिथंच संपतो. बाकीचं दिवाळीनंतर, रान वाळल्यावर. चिखलाचा थर आणि निघेल तेवढी काळी माती काढायची, मग कडक मुरूम, पण थराथरानं, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर, नाहीतर एकदम फूटभर ओतून वरून रोलर फिरवला की नुसता पापुद्रा दबतो आणि खाली भुसभुशीतच राहतं. उतार एकाच बाजूला, १ ते दीड टक्का, म्हणजे २० मीटर रुंदीत २० ते ३० सेंटिमीटर. मुरमावर जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, पण माती आणि खडी मिसळू देत नाही), त्यावर खडी आणि बारीक कच दाबून, आणि सगळ्यात शेवटी वाळू, २ इंचाला साधारण १४ ब्रास. कापडाचे पैसे वाचवू नका. मी पहिल्या रिंगणात वाचवले होते, तिसऱ्या पावसाळ्यात खडी खाली आणि चिखल वर.

दहिवडीहून: मार्चपासून दुडक्या चालीलासुद्धा धुरळा उठतो. टँकर परवडत नाही. कुणी म्हणतं जळकं ऑइल मारा, कुणी म्हणतं मीठ टाका.

जळकं ऑइल नको, हात जोडतो. ते खुराला लागतं, पावसात विहिरीकडं जातं आणि ती वाळू नंतर कुठं टाकायची हाही प्रश्नच. मीठ हवेतली ओल ओढतं, पण तुमच्या माण तालुक्यातल्या मे महिन्याच्या दुपारी हवेत ओलच नाही तर ओढणार काय? वर खुरं कोरडी पडणार, लोखंडी कठडा गंजणार.

टँकरचा हिशोब असा: ५ हजार लिटर म्हणजे २० बाय ४० वर फक्त ६ मिलिमीटर पाणी. ते दुपारी मारलं तर गेलंच. दिवस मावळल्यावर मारा, रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा एकदाच मुरेल असं, आणि सकाळी लवकर घोडा फिरवा. मूठभर वाळू दाबून बघायची, लाडू होऊन हलक्या बोटानं फुटला की ओल बरोबर. आणि लीद लगेच उचला! टापांखाली तिचाच भुगा होतो आणि तोच उडतो. हे सगळं करूनही धूळ थांबत नसेल तर वाळूच झिजून पीठ झालीय, मग बदलण्याशिवाय इलाज नाही.

मिरजेहून एक ताई: क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चांगली की नदीची? आणि जाड थर दिला तर घोड्याला मऊ पडेल ना?

नदीच्या वाळूचा दाणा गोल, पायाखाली मोहरीसारखा घरंगळतो. क्रश सँडचा दाणा कोनेदार, एकात एक अडकतो, म्हणून तीच. फक्त धुतलेली मागा. न धुतलेलीत काळी भुकटी असते, ती ओली झाली की फरशीसारखी बसते आणि वाळली की धुरळा. काचेच्या बरणीत वाळू-पाणी हलवून तासभर ठेवा, वर गाळाचा जाड थर आला की तो माल परत.

मऊपणाचं मात्र उलटं आहे ताई. खोल वाळूत घोडा पाय उपसत पळतो आणि ताण सगळा पायाच्या कंडरांवर (टेंडनवर) येतो. २ इंचापासून सुरुवात करा, आठवडाभर घोडा फिरवून बघा, टणक वाटलं तर अर्धा इंच वाढवा. टाकलेली वाळू काढणं लई जिकिरीचं. घोडा लंगडत असेल तर मात्र वाळूचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

सांगलीहून: कठड्यालगत घोड्यांच्या मागाचा चरच पडलाय. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून सारखं करू का?

अजिबात नाही. रोटाव्हेटर खालचा मुरूम उकरतो, एका फेरीत सगळ्या खर्चाची माती. कडेला उडालेली वाळू आधी फावड्यानं मागात ओढा, मग फळीला लोखंडी साखळ्या बांधून फिरवा, दरवेळी वेगळ्या दिशेनं. रोज घोडे असतील तर रोज. आणि सळईवर इंचाच्या खुणा करून महिन्यातून एकदा दहा-बारा ठिकाणी थर मोजा, डोळ्याला कळत नाही.

कराडहून: साखर कारखान्याचं बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, स्वस्तात मिळतंय, वाळूत मिसळू? की टायरचा चुरा?

बगॅस नको, एका पावसात कुजतं, निसरडं होतं, बुरशी धरतं. टायरचा चुरा थोडा चालतो, पण घेण्याआधी त्यातून चुंबक फिरवून बघा, तारेचा एक तुकडा जरी चिकटला तरी तो माल नको.