३८ हजारांची गन, १०० लिटरची टाकी आणि जूनची फी

पारोळ्याहून एका गॅरेजवाल्या भाऊंचं पत्र आलं आहे. वय ४१. चारचाकीचं गॅरेज, हाताखाली भाचा. कार, बोलेरो पिकअप, छोटा हत्ती अशा रोज चार-पाच गाड्या येतात. खर्च वजा जाता महिन्याला ३२ हजार हाती राहतात. घरखर्च २२ हजार आणि भिशी ५ हजार. बँकेत ६२ हजार आहेत, त्यातले ४० हजार मुलीच्या अकरावी सायन्सच्या क्लासला जूनमध्ये भरायचे आहेत. भिशीचा नंबर श्रावणात लागणार, ५० हजारांचा. त्यांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर हवेवर चालणारी छोटी इम्पॅक्ट गन (फटके मारत नट-बोल्ट खोलणारं यंत्र) घ्यायची आहे. तीन गन पाहिल्यात: ५,५०० ची बिननावाची, १४ हजारांची बऱ्या कंपनीची आणि ३८ हजारांची परदेशी. तिसरी बारा हप्त्यांत 'बिनव्याजी' मिळते, रोखीने ३५,५०० ला. दुकानदार म्हणतो, टॅक्समध्येही सूट मिळेल. वहिनी म्हणतात, फी भरून होऊ द्या, मग बघा. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य: 'उजवा खांदा रात्री झोपू देत नाही.'

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. तुम्ही ते वाक्य शेवटी लिहिलंत, पण मी सुरुवात तिथूनच करतो. तुमच्या गॅरेजमधली सगळ्यात महाग वस्तू कॉम्प्रेसर नाही की जॅक नाही, तुमचा उजवा हात आहे. महिन्याचे ३२ हजार त्याच हातातून येतात. गाडीखालच्या गंजलेल्या लोअर आर्मच्या बोल्टवर टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप लावून लोंबकळायचं काम तुम्ही आणखी दहा-पंधरा वर्षं करू शकणार नाही. त्यामुळे गन घ्यावी की नाही, यावर मी फार वेळ घालवणार नाही. घ्या. कोणती, कधी आणि कोणत्या पैशातून, हे मात्र नीट बघावं लागेल. आणि गन आली म्हणून खांदा डॉक्टरला दाखवायचं राहू देऊ नका.

आधी कोणती ते. छोट्या गनचे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? लांबीचे आणि वजनाचे. साधी अर्ध्या इंचाची (हे पुढच्या चौकोनी दांड्याचं माप) गन दोन-अडीच किलोची असते. छोटी सव्वा किलोच्या आसपास आणि जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर लांब. चाकाचे नट खोलताना या आखूडपणाचा उपयोग शून्य, कारण चाकासमोर मोकळी जागाच असते. उपयोग होतो तो शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या बोल्टला, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला, इंजिन आणि चासीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. तुम्ही लिहिलंय की निम्मं काम सस्पेन्शनचं येतं. खेड्यापाड्यांतून कापूस आणि माणसं वाहणाऱ्या पिकअपचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) किती टिकतात, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. म्हणजे छोटी गन तुमच्यासाठी चैन नाही. टायरवाल्याने मागितली असती तर मी नको म्हटलं असतं.

आता ताकद. ३८ हजारांच्या गनच्या खोक्यावर मोठा आकडा छापलेला आहे आणि तुम्हाला त्याची भुरळ पडली आहे. तो आकडा बहुतेक वेळा नट सुटतानाच्या कमाल जोराचा असतो, रोजच्या कामाचा नाही. काही कंपन्या फूट-पाउंडात लिहितात, काही न्यूटन मीटरमध्ये. एक फूट-पाउंड म्हणजे साधारण १.३६ न्यूटन मीटर, त्यामुळे एकच गन दोन खोक्यांवर दोन ताकदींची वाटते. तुमच्याकडच्या कारच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा असतो. गंजून जाम झालेला असला तरी १४ हजारवाली गन त्याला पुरून उरते. हायवेवरच्या दहा चाकी ट्रकचा नट सहाशेच्या घरात आवळलेला असतो. त्याला पाऊण किंवा एक इंचाची मोठी गन लागते, तशीच हवा लागते. ते काम तुम्ही करत नाही, त्यामुळे त्या ताकदीचे पैसेही तुम्ही भरू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात महत्त्वाचं आहे ते कॉम्प्रेसरचं. जळगावच्या एका गॅरेजमध्ये मी स्वतःची गाडी घेऊन तासभर बसलो होतो. मालकाने नवी महागडी गन आणली होती आणि मागे टायरमध्ये हवा भरायचा जुना छोटा कॉम्प्रेसर. पहिलं चाक झपाट्याने निघालं. दुसऱ्या चाकाच्या तिसऱ्या नटाला गनचा आवाज बदलला. फटके बसायचे थांबले, नुसती फिरायला लागली. पोऱ्याने वळून टाकीवरच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे पाहिलं, काटा आठवरून पाचवर आलेला. मग त्याने गन खाली ठेवली आणि पुन्हा पाना हातात घेतला. घेतलेल्या गनची पुरती ताकद त्या टाकीने दिलीच नाही.

तुमची टाकी १०० लिटरची, मोटर दोन एचपीची. हिशोब करून पाहू. काटा ८ बारवरून ६ वर येईपर्यंत टाकीतून साधारण २०० लिटर, म्हणजे सात घनफूट हवा निघते. गन सलग दाबून धरली तर मिनिटाला अठराएक घनफूट हवा खाते. म्हणजे बावीस-तेवीस सेकंदांचं काम. कॅटलॉगमध्ये चार-पाच सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलेलं दिसेल, पण तो आकडा मिनिटातले पंधराएक सेकंदच गन चालवली असं धरून काढलेला असतो. एका चाकाच्या पाच नटांना पंधरा सेकंद लागतात. मग चाक काढून बाजूला ठेवणं, जॅक सरकवणं यात मिनिट-दीड मिनिट जातं, तेवढ्यात तुमची मोटर टाकी पुन्हा भरते. रोजच्या चार-पाच गाड्यांना हे पुरतं. नवा कॉम्प्रेसर घ्यायची गरज नाही. तो विषय दुकानदाराने काढला तरी डोक्यातून काढून टाका.

पाइप मात्र बदला. टायरची हवा भरायचा बारीक पाइप या गनचा गळा आवळतो. आतून दहा मिलीमीटरचा घ्या आणि कपलरही त्याच मापाचे. पाणी अडवणारा फिल्टर आणि तेल सोडणारा लुब्रिकेटर बसवा. पावसाळ्यात टाकीच्या तळाचं पाणी रोज संध्याकाळी सोडायचं काम भाच्याकडे द्या. गनच्या आतली पाती गंजली की स्वस्त काय नि महाग काय, दोन्ही सारख्याच मरतात. शिवाय काळ्या इम्पॅक्ट गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) लागतील. तुमच्याकडच्या चकचकीत क्रोमच्या गोट्या गनवर चालवू नका, त्या फटक्याने तडकतात आणि तुकडा उडतो तो थेट तोंडाच्या दिशेने. चष्मा वापरा, कानात बोळे घाला. या सगळ्याचे चारेक हजार धरा. म्हणजे १४ ची गन तुम्हाला १८ हजारांना पडेल आणि ३८ ची रोखीने घेतली तरी ३९,५०० ला.

परत किती येतं? तुम्ही म्हणता रोज तास वाचेल. मी पाऊण तास धरतो. महिन्याच्या २६ दिवसांत साडेएकोणीस तास. दिवसाला नऊ तास धरले तर तुमचा एक तास सध्या १३७ रुपये कमावतो. म्हणजे वाचलेला सगळा वेळ कामाने भरला तर महिन्याला २,६७० रुपये. पण सगळा भरत नाही. वाचलेल्या वेळात दारात दुसरी गाडी उभी असली तरच त्याचे पैसे होतात, नाहीतर फक्त चहा होतो. निम्मा भरला असं धरू: १,३३५ रुपये. या दराने १८ हजार वसूल व्हायला साडेतेरा महिने लागतात. ३९,५०० ला अडीच वर्षं. १४ हजारवालीवर वर्षाची वॉरंटी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वॉरंटी संपते तेव्हा ती जवळपास फिटलेली असते. यात मला समाधान आहे. ५,५०० वालीला मी नाही म्हणतो, किंमत कमी म्हणून नाही, तर तुम्हीच लिहिलंय की तिचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत म्हणून. एक पातं तुटलं की ती भंगारात.

'बिनव्याजी' हप्त्यांचं बघा. रोखीने ३५,५०० आणि हप्त्याने ३८ हजार, तर मधले अडीच हजार व्याजच आहे, नाव काहीही द्या. महिन्याला ३,१६७ रुपये बारा वेळा भरायचे आणि मुद्दल दर महिन्याला घटत जातं, त्यामुळे वर्षाला तो दर १३ टक्क्यांच्या जवळ जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. मुळात तुमच्याकडे महिन्याला शिल्लक उरते ५ हजार. त्यातले तीन हजार हप्त्यात अडकले आणि श्रावणात पाऊस लागून गाड्या आल्या नाहीत, तर तुम्ही कुणाकडे जाल? महिन्याला तीन टक्क्यांनी देणाऱ्याकडे. अशी माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत, पंधरा हजारांच्या अडचणीपायी दोन-दोन वर्षं व्याज भरत.

टॅक्सची सूट तुमच्या बाबतीत खरी नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आत आहे, आणि नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागतच नाही. जो कर नाही त्यात सूट कसली? जीएसटी नोंदणी नसल्याने बिलातला १८ टक्के जीएसटीही परत मिळणार नाही, तो किमतीचाच भाग समजा. तरी पक्कं बिल घ्याच, वॉरंटीसाठी. मुद्रा योजनेतून शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं हे खरं, पण १८ हजारांच्या वस्तूसाठी ते घेऊ नका. पुढे गाडी उचलायची लिफ्ट घ्याल तेव्हा बँकेचं दार वाजवा.

बॅटरीवाल्या गनचंही विचारलंय. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांवर जायचं काम जास्त असतं तर मी तीच सुचवली असती. तुमचं काम दारात आहे, कॉम्प्रेसर दारात आहे, आणि बॅटऱ्या काही वर्षांनी पुन्हा विकत घ्याव्या लागतात. आपल्याकडचा मे महिना, पत्र्याची शेड, ४४-४५ अंश. त्यात त्या लवकर थकतात.

राहिलं कधी. इथे वहिनींचं म्हणणं मी मनापासून मोलाचं मानतो. ६२ मधून १८ गेले, ४४ उरले. मे-जूनची शिल्लक धरून ५४. जूनमध्ये ४० फी गेली की हातात १४ हजार. म्हणजे घरखर्चाचे वीस दिवसही नाहीत, तेही पावसाच्या तोंडावर. अशा वेळी मी 'थांबा' म्हणालो असतो. थांबण्याचीही किंमत आहे: श्रावणापर्यंत चार महिने, साधारण ५,३०० रुपये आणि खांद्याची चार महिन्यांची झीज.

म्हणून आखाजीच्या आधी एक काम करा. क्लासमध्ये स्वतः जा आणि फी दोन हप्त्यांत घ्याल का विचारा: २० हजार जूनमध्ये, २० हजार सप्टेंबरमध्ये. सरळ सांगा की श्रावणात भिशी लागतेय. विचारायला लाजू नका, बरेच क्लास तयार होतात. ते हो म्हणाले तर जूनअखेर तुमच्याकडे ३४ हजार राहतात, ऑगस्टमध्ये ५० येतात, आणि दुसरा हप्ता आरामात जातो. मग आखाजीला १४ हजारवाली गन रोखीने घ्या. ते नाही म्हणाले, तर गन भिशीच्या पैशातून श्रावणात, आणि खंडेनवमीला तिची पहिली पूजा.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की गावात २७ हजारांची उधारी आहे, कापूस घरात आला की लोक देतात. शेतकऱ्याला आत्ता तगादा लावू नका, खरिपाच्या तोंडावर त्याच्याकडेही नसतात. पण त्या वहीत नोकरदार, दुकानदार, लग्नसराईत गाड्या भाड्याने लावणारेही असतील. त्यांच्याकडे आत्ता पैसा खेळतोय. त्यांची नावं वेगळी काढून या आठवड्यात फोन करा. सहा-सात हजार आले तरी गोट्या, पाइप आणि फिल्टर निघतात, वर थोडे उरतात.

तुमचं काम गाडीखाली झोपून करायचं आहे आणि पत्रात विम्याचा एक शब्द नाही. बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. जीवन ज्योती विमा योजनेचे वर्षाला ४३६ रुपये. तेवढ्याने भागणार नाही, मुलगी बारावी होईपर्यंत तरी मोठा टर्म विमा हवा. त्यासाठी वेगळं पत्र लिहा.

दुकानात जाताना तुमच्या नेहमीच्या मापाच्या गोट्या सोबत न्या आणि गन हातात धरून पाहा, उजवा हात वर करून, बोनेटखाली धरता तशी. पाती, ओ-रिंग, पुढचा चौकोनी दांडा यांचे सुटे भाग जळगाव किंवा धुळ्यात कुणाकडे मिळतात ते बिलाच्या मागे लिहून घ्या. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी तुमच्याच टाकीवर, तुमच्याच शेडमध्ये, सगळ्यात गंजलेल्या गाडीवर चालवून बघा. बदलून द्यायचे किती दिवस, ते आधीच ठरवून ठेवा. आणि चाकाचा नट गनने फक्त बसवायचा, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. तुमच्याकडे तो पाना नसेल तर कळवा, मग १८ हजारांच्या हिशोबात त्याचे पैसे धरून आकडे पुन्हा मांडू.