‘मी येशूला हाक मारली, म्हणून बाबा गेले का?’

हा प्रश्न विचारताना त्या बाई माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, मांडीवरच्या पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरून. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या आसपास. माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा त्या दिवसरात्र एकच वाक्य म्हणत होत्या, ‘येशू, बाबांना वाचव.’ बाबा गेले. त्यानंतर दोनेक महिन्यांनी प्रार्थनागटातल्या एका जाणत्या माणसाने बोलता बोलता सांगितलं, की प्रार्थना पित्याकडे, म्हणजे देवाकडे करायची असते, पुत्राच्या, म्हणजे येशूच्या नावाने. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थनासुद्धा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशीच सुरू होते.

सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बाईंनी त्यातून जे घेतलं ते भयंकर होतं. आपली हाक भलतीकडेच गेली आणि बाबा आपल्यामुळे गेले, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पहिल्याच भेटीत माझी चूक झाली. मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यांचं रडणं मला बघवेना, म्हणून मी चटकन स्तेफनाची, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याची, आठवण दिली. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात दगडांचा मारा होत असताना तो म्हणतो, ‘हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर.’ बाईंचा चेहरा निवळला. पुढच्या आठवड्यात त्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातलं तेविसावं वचन घेऊन आल्या. तिथे येशू पित्याजवळ मागायला सांगतो. मग चौदाव्या अध्यायातलं चौदावं वचन निघालं, ‘माझ्या नावाने मला काही मागाल तर मी ते करीन’. पण त्यातला ‘मला’ हा शब्द काही जुन्या हस्तलिखितांत आहे आणि काहींत नाही, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. मी एक वचन द्यावं आणि त्यांनी घरी जाऊन त्याच्या विरुद्धचं हुडकावं, असं सुरू झालं. शिवाय त्या रोज पास्टरांना, बहिणीला आणि गटातल्या दोघींना हाच प्रश्न विचारत होत्या. दिलासा मिळायचा, तासाभरात विरायचा.

तिसऱ्या भेटीत त्यांनी वही दाखवली. त्या प्रार्थना लिहून काढत. ‘येशू’वर रेघ, वर बारीक अक्षरात ‘पित्या’. समासात ‘येशूच्या नावाने’. मग सगळंच खोडून खाली पुन्हा पहिल्यापासून. एका रात्रीची चार पानं होती, आणि चारही पानांवर मागणं एकच, मुलीचा ताप उतरू दे.

ती वही पाहिली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रश्न नुसत्या शिकवणुकीचा असता, तर ‘पित्या’ म्हणायला लागल्यावर मन थांबलं असतं. पित्यालाच प्रार्थना करावी असं मनापासून मानणारी कितीतरी माणसं आहेत, ती तशी प्रार्थना करतात आणि शांत झोपतात. बाई ‘पित्या’ लिहूनही थांबू शकत नव्हत्या. उच्चार नीट झाला का, मनात दुसरंच कोणी आलं का, म्हणून पुन्हा, पुन्हा. धर्माचं रूप घेऊन आलेली ही सक्तीची चिंता आहे आणि ती फार जुनी आहे. पुढे जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या लोयोलाच्या इग्नाशियसने 1522 मध्ये स्पेनमधल्या मनरेसा इथे हेच सोसलं. पापांची कबुली पूर्ण झालीच नाही असं वाटून तो पुन्हा पुन्हा कबुलीला जाई आणि जीव द्यावासा वाटण्यापर्यंत पोचला होता. हे ऐकल्यावर बाई पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

आम्ही ठरवलं की प्रार्थना एकदाच करायची. जे संबोधन तोंडी येईल ते राहू द्यायचं, खोडायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, त्या दिवशी कोणालाही विचारायचं नाही. वर येणारी भीती तशीच येऊ द्यायची, ती आपोआप उतरते का ते बघायचं. पास्टरांशीही मी बाईंच्या संमतीने बोलले. त्यांनी रोजच्या प्रश्नाला ‘यावर आपलं बोलणं झालं आहे’ एवढंच प्रेमाने म्हणायचं कबूल केलं. पहिले दोन आठवडे फार जड गेले. एका रात्री त्या दीड वाजेपर्यंत जाग्या होत्या, पण वहीला हात लावला नाही. मला त्या रात्रीचं आजही अप्रूप वाटतं.

वडिलांसाठी रडणं त्यानंतर सुरू झालं. तोवर त्या फक्त स्वतःचा गुन्हा तपासत होत्या. त्या वडिलांनाही बाबा म्हणत आणि लहानपणापासून देवालाही. तो शब्द आता घशात अडकतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही दोघीही बराच वेळ गप्प होतो.

मतभेदाचं बोलणं मी मुद्दाम शेवटी काढलं, कारण मतभेद खोटा नव्हता आणि तो नाहीच असं सांगून त्यांना फसवायचं नव्हतं. तिसऱ्या शतकात ओरिजन या ख्रिस्ती पंडिताने प्रार्थनेवरच्या ग्रंथात लिहिलं की प्रार्थना पित्यालाच करावी, पुत्राच्या द्वारे. पण त्याच्याच प्रवचनांत येशूला घातलेल्या विनवण्या सापडतात! 397 च्या कार्थेज इथल्या धर्मपरिषदेने नियम केला तो वेदीपाशी प्रार्थना चालवणाऱ्यासाठी, तिथे ती नेहमी पित्याला उद्देशून असावी असा. मंडळीच्या उपासनेची शिस्त राखणारा नियम होता तो. आजारी बापाच्या उशाशी बसलेल्या लेकीने काय म्हणावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. दुसऱ्या बाजूला ‘मारानाथा’, म्हणजे ‘हे आमच्या प्रभू, ये’, ही अरामी (येशूच्या बोलीतली) हाक प्रेषित पौलाच्या ग्रीक पत्रात जशीच्या तशी आहे, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्यांच्या आधीपासून येशूला अशी हाक जात होती. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याचीही पिता-पुत्रांसह आराधना होते असं म्हटलं.

येशूची आई मरिया आणि संत यांना विनवावं का, हा वाद वेगळा, आणि बाईंच्या घरातला तोच खरा तापदायक. 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीने, म्हणजे प्रोटेस्टंट लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याने, संतांची आठवण ठेवा, पण त्यांचा धावा करू नका असं म्हटलं, कारण मध्यस्थ एकच, ख्रिस्त. 1563 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने संतांना विनवणं चांगलं आणि उपयोगी ठरवलं. कॅथलिकांच्या लेखी ती आराधना नसते, आपल्यासाठी देवाकडे शब्द टाका अशी विनंती असते. प्रोटेस्टंटांना हा फरक पटत नाही. दोन्ही बाजूंना हे मनापासून वाटतं, आणि माझ्या खोलीत त्याचा निवाडा होणार नव्हता. कोणाला प्रार्थना करावी यावर हे सगळे भांडले. पण त्रासात सापडलेल्या माणसाने संबोधन चुकवलं तर देव ऐकत नाही, असं यांतलं कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल तर उलट सांगतो की यथायोग्य प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं, आत्माच आपल्यासाठी विनवणी करतो. माझी स्वतःची प्रार्थना पित्यापासून सुरू होते आणि फार घाबरले की येशूच्या नावावर येते. हे मी त्यांना सांगितलं, पण आठ महिन्यांनी. आधी सांगितलं असतं तर तेही एक वचनच झालं असतं.

शेवटच्या भेटीत त्यांनी सासूबाईंची गोष्ट सांगितली. घरी संध्याकाळी मरियेची जपमाळ होते आणि त्या वेळी बाई काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जात, नुसतं कानावर पडलं तरी आपली प्रार्थना बिघडेल या भीतीने. त्या आठवड्यात त्या जाऊन बसल्या. म्हणाल्या, ‘आई, मी मरियेला विनवणार नाही, मला ते पटत नाही. पण इथे बसून माझी प्रार्थना करते.’ सासूबाईंनी काही न बोलता शेजारच्या खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून जागा करून दिली.