कथकमधून दिग्दर्शनाकडे, आणि तेही अमेरिकेत

तुम्ही विचारलंय, बारा वर्षं कथक केलं, दोन म्युझिक व्हिडिओंची कोरिओग्राफी केली, आता जाहिराती आणि पुढे सिनेमा दिग्दर्शित करायला लॉस एंजेलिसला यायचंय, सोबत नवरा आणि दहा वर्षांची मुलगी, तर जमेल का? दोन दिवस मी उत्तर लिहितेय आणि पुसतेय. व्हिसाचे प्रकार, फी, फॉर्म सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते इथे लिहीत नाही.

मी ओ-१ व्हिसावर आले, म्हणजे आपल्या क्षेत्रात असामान्य काम केलेल्यांना मिळणाऱ्या अमेरिकेच्या तात्पुरत्या व्हिसावर. कलावंत म्हणून अर्ज केला तर नावलौकिक दाखवावा लागतो. सिनेमा-टीव्हीसाठी केला तर कसोटी त्याहून कडक, आणि कामगार संघटनेकडून एक व निर्मात्यांच्या बाजूच्या संस्थेकडून एक अशी अभिप्रायाची पत्रंही लागतात. माझा लौकिक सगळा नाचातला आणि काम करायचं कॅमेऱ्यामागे. वकील सारखे विचारायचे, "तुम्हाला नक्की काय म्हणून दाखवायचं?" मला तर ते एकच वाटत होतं. अजूनही वाटतं.

पुरावा म्हणून जोडलेल्या प्रत्येक मराठी कात्रणाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं, भाषांतरकाराच्या सहीच्या हमीसकट. माझ्या एका परीक्षणात एक वाक्य होतं: "ही मुलगी समेवर येताना घाई करत नाही." एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं सगळ्यात खरं वाक्य. भाषांतरात त्याचं "ताल अचूक आहे" झालं. मी भाषांतरकाराशी तासभर वाद घातला. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे नाच येऊन टेकतो; हे कळल्याशिवाय त्या वाक्यात काही उरत नाही, आणि फाइल वाचणाऱ्याला ते कोण समजावणार? शेवटी तसंच पाठवलं. फाइल मंजूर झाली, पण ते वाक्य सलतं ते सलतंच.

दुसरं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्जात जे काम लिहिलंय तेच करता येतं. माझ्या अर्जात फक्त दिग्दर्शन होतं. आल्यावर चार महिन्यांत एका संस्थेने मानधन देऊन कार्यक्रमाला बोलावलं, आणि मला नाही म्हणावं लागलं. तुम्ही अर्ज करताना वकिलाला आधीच विचारा की नाचाचे कार्यक्रमही त्यात घालता येतील का. मी विचारलं नाही. नाच मागे ठेवूनच आलेय, असं तेव्हा मलाच वाटत होतं.

आता कामाचं. ३० सेकंदांच्या जाहिरातीत, मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर, ६० मात्रा बसतात. म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं आणि वर बारा मात्रा. त्या बारांत पॅकशॉट, म्हणजे विकायच्या वस्तूचा शॉट, आणि लोगो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एका मात्रेला बारा फ्रेम. हे गणित मी पहिल्या दिवसापासून मांडीवर बोटं मोजत करते आणि ते कधी चुकलेलं नाही. इथे स्क्रिप्ट बहुतेक वेळा तीन दिग्दर्शकांकडे जाते, प्रत्येक जण ट्रीटमेंट, म्हणजे आपण ती कशी चित्रित करू याचं टिपण, लिहून देतो, त्याचे पैसे मिळत नाहीत, एकाला काम मिळतं. ट्रीटमेंटमध्ये बाकीचे लेन्स आणि रंगांवर लिहितात. मी कुठल्या मात्रेला कोण वळणार ते लिहिते.

आणि मी केलेल्या कामांत एडिट बहुतेकदा जाहिरात एजन्सीच्याच हातात असायचं. शूटिंग संपलं की आपलं संपलं. म्हणून लय शॉटच्या आतच बांधा. एका शॉटमध्ये बाई खिडकी उघडते आणि वळते, एवढंच होतं. नटी एकदम सगळी वळायची. मी म्हटलं, आधी नजर, मग मान, खांदा सगळ्यात शेवटी, पाऊल हलवू नका. एजन्सीचे लोक घड्याळ बघत होते. सहाव्या टेकला ती नजर वळवून थांबली, श्वास घेतला, आणि मग मान. मॉनिटरपाशी कुणी बोललं नाही. त्या शॉटला कुठेही कात्री लावली की हालचाल तुटत होती, म्हणून तो पुरा राहिला.

तुम्ही बॉब फॉसी आणि फराह खान यांची उदाहरणं दिलीत. फॉसी अमेरिकेतले, आधी नर्तक होते, मग कोरिओग्राफर, आणि १९७३ मध्ये दिग्दर्शनाचं ऑस्कर. फराह खान यांनी १९९२ मध्ये कोरिओग्राफीला सुरुवात केली, दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट २००४ मध्ये. पण ही दोघंही जिथे नाचवत होती तिथेच दिग्दर्शक झाली. सेटवरचा प्रत्येक माणूस त्यांना ओळखत होता. तुम्हाला आणि मला इथे कुणी ओळखत नाही, आणि कोरिओग्राफर म्हणून एकदा ओळखलं की तिथेच बसवतात. पहिल्या वर्षी मी अशी तीन कामं नाकारली, घरात पैसे नसताना. तुम्हीही नाकारा, आणि त्याऐवजी स्वतःच्या खर्चाने दोन छोट्या जाहिराती बनवून रीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, घाला.

प्रयोगशील चित्रपटकार माया डेरेन यांचा १९४५ चा लघुपट 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा' बघा. जेमतेम काही मिनिटांचा आहे. नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो पाय घरातल्या खोलीत टेकतो. डेरेनही कीव्हमधून लहानपणी अमेरिकेत आलेल्या. मी तो पाहिला तेव्हा बराच वेळ उठले नाही.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. काम असलं की जातो. ओ-३ वर, म्हणजे ओ-१ वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, जोडीदाराला काम करता येत नाही, त्यामुळे एकटेपणा तुमच्याहून नवऱ्याला जास्त येईल. आमच्याकडे तसंच झालं, आणि मी ते फार उशिरा पाहिलं.

मुलीचं मात्र नीट ऐका. कॅलिफोर्नियात शाळेत नाव घालताना घरच्या भाषेबद्दल फॉर्म भरावा लागतो. मी "मराठी" लिहिलं. लिहिताना अभिमानच वाटला होता. त्यावरून माझ्या मुलीची इंग्रजीची परीक्षा झाली. नवी शाळा, नवे उच्चार, अकरा वर्षांची पोर घाबरली, आणि इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात गेली. मायदेशाहून आली तेव्हा ती इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पाडत होती. तो जादा इंग्रजीचा तास तिच्या आवडीच्या विषयाच्या जागी आला, आणि तो विषय होता नाच. शाळेत मी चार वेळा गेले. सगळे गोड बोलले. तिला त्या गटातून बाहेर पडायला दोन वर्षं लागली, आणि तोवर ती म्हणाली, "आता नको मला नाच." घरी माझ्याशीही ती इंग्रजीत बोलायला लागली.

मी माझा नाच व्हिसाच्या कागदावरून काढला होता, तिचा वेळापत्रकावरून गेला. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं नवरा म्हणतो.

तो फॉर्म तुमच्या पुढ्यात येईल. त्या रकान्यात काय लिहायचं ते मला सांगता येत नाही. खोटं लिहा असं मी म्हणणार नाही, आणि मी आज पुन्हा बसले तर मराठीच लिहीन. पण त्या परीक्षेच्या दिवशी मी एका पिचसाठी, म्हणजे काम मिळवायच्या बैठकीला, गेले होते. तुम्ही तिच्याबरोबर जा, वर्गाबाहेर बसा.