‘इच्छास्वातंत्र्य’ हा शब्द स्वतःलाच खोडतो का?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ‘फ्री विल’ला मराठीत इच्छास्वातंत्र्य म्हणतात. पण इच्छा तर भूक, संस्कार, संगत, परिस्थिती अशा कारणांतून उपजते. कारणाने घडलेली गोष्ट स्वतंत्र कशी असेल? मग हा शब्दच चुकलाय का? ‘स्वतंत्र इच्छा’ म्हटलं तर बरं होईल का?

माझं उत्तर: शब्द चुकलेला नाही, आणि ‘स्वतंत्र इच्छा’ तर मुळीच म्हणू नये. गोची आहे ती ‘स्वतंत्र’ हा शब्द आपण हल्ली कसा ऐकतो त्यात.

स्वतंत्र म्हटलं की आपल्याला ‘कशानेच न बांधलेला’ असं ऐकू येतं. शब्द तसं म्हणत नाही. तंत्र आहेच, फक्त ते स्वतःचं आहे. शाळेत याचा विरुद्धार्थी शब्द आपण ‘परतंत्र’ असा पाठ केला. ‘सकारण’ असा कोणी शिकवला नाही. स्वातंत्र्याचा झगडा ‘पर’शी आहे, ‘कारणा’शी नाही. प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळतं, पण उरलेलं अर्धं जास्त मजेचं आहे.

तंत्र हा शब्द ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूवरून आला. मागावर ताणलेले धागे हा त्याचा जुना अर्थ. पाणिनीच्या अष्टाध्यायीत कर्त्याची व्याख्या दोनच शब्दांत आहे: ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४). त्यावर पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे अष्टाध्यायीवरच्या भाष्यात, शंका निघते की, स्वतःचं तंत्र असलेला तो स्वतंत्र, असं धरलं तर कर्ता ही संज्ञा विणकरालाच लागू पडेल! उत्तर असं, की तंत्र शब्दाचे अर्थ दोन आहेत. एक ताणलेलं सूत, दुसरा प्राधान्य. इथे दुसरा घ्यायचा. स्वतंत्र म्हणजे स्वप्रधान. भात शिजायला चूल, लाकडं, पातेलं, पाणी सगळंच लागतं. पण आच कमी कर, झाकण काढ, आता उतरव, हे ज्याच्या हातात आहे तो त्या कामात प्रधान, म्हणून तो कर्ता. त्याला भूक लागली होती म्हणून तो चुलीपाशी गेला, याने त्याचं कर्तेपण तसूभरही कमी होत नाही.

आता लगेच पुढचं सूत्र पाहा: ‘तत्प्रयोजको हेतुश्च’ (१.४.५५). त्या स्वतंत्र कर्त्याला जो कामाला लावतो त्याला हेतू म्हणावं, आणि कर्ताही म्हणावं. म्हणजे एका माणसाच्या करण्यामागे दुसरा कारण म्हणून उभा आहे, आणि तरी पहिल्याचा ‘स्वतंत्र’ हा किताब काढून घेतलेला नाही. वाचकाची शंका नेमकी इथेच कात्यायनाच्या वार्तिकात (पाणिनीच्या सूत्रांवरच्या टिपणात) येते: एकच माणूस स्वतंत्रही आणि परतंत्रही, हे परस्परविरुद्ध नाही का? हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि तो व्याकरणाच्या पोटात विचारला गेला, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

मराठीने याचा निवाडा फार देखणा केलाय. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा.

आईने विळीने भाजी चिरली.
आईने बंडूकडून भाजी चिरून घेतली.

भाजी चिरली जाण्याला कारण आईच, दोन्हीकडे. पण विळीला ‘ने’ लागतो आणि बंडूला ‘कडून’. ‘विळीकडून चिरून घेतली’ असं तीन वर्षांचं मूलही म्हणणार नाही. संस्कृतात असा कामाला लावलेला कर्ता आणि करण (म्हणजे साधन) या दोघांनाही बहुधा तृतीयाच होते, मराठीने मात्र त्यांची ताटातूट केली. बंडूला सांगितलं म्हणून त्याने केलं, हे खरंच. पण तो नाही म्हणू शकला असता, कुरकुरला असता, जाडजाड चिरून ठेवली असती. विळी यातलं काहीच करत नाही. कारण असूनही कर्ता कर्ताच राहतो, ही जाण आपल्या बोलण्यात ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाएवढ्या जागेत मावली आहे.

‘हेतू’ शब्दाचा पुढचा प्रवासही याच वाटेवरचा आहे. पाणिनीकडे हेतू म्हणजे कामाला लावणारा. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, हेतू म्हणजे अनुमानाचा आधार. मराठीत मात्र हेतू माणसाच्या मनात जाऊन बसला. ‘माझा तसा हेतू नव्हता’, ‘हेतुपुरस्सर केलं’. जो शब्द बाहेरून ढकलणाऱ्याचा होता तोच आतून ठरवण्याचा झाला. ‘कारण’ शब्द तर अजून दोन्ही घरचा पाहुणा आहे: पूल पडण्याचं कारण आणि मी उशिरा येण्याचं कारण, दोन्ही कारणंच.

आणखी एक पुरावा देतो, तो मला व्याकरणाइतकाच मोलाचा वाटतो. जुनं खरेदीखत किंवा मृत्युपत्र काढून वाचा. खरेदीखतात आधी लिहिलेलं असतं, की प्रापंचिक अडचणीसाठी पैशांची जरूर असल्याने जमीन विकत आहे. म्हणजे कारण आलं. आणि शेवटी? राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून दिलं. कारण आणि खुशी एकाच कागदावर, वर-खाली, आणि लिहिणाऱ्याला त्यात विसंगती दिसत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं १४वं कलमही याच धर्तीवर आहे. संमती मुक्त केव्हा मानायची? जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, लबाडी, चुकीची माहिती आणि चूक या पाचांमुळे ती घडलेली नसेल तेव्हा. कशामुळेच घडलेली नसावी, अशी अट कायद्याने घातलेली नाही. अमुक कारणं नकोत, एवढंच.

मग कारणच नसलेल्या कृतीला काय म्हणायचं? त्यालाही शब्द आहे: यदृच्छा. या शब्दात ‘इच्छा’ दडली आहे असं पुष्कळांना वाटतं, आणि म्हणून ‘यदृच्छया’ म्हणजे मर्जीनुसार असा अर्थ लावला जातो. इथे इच्छा नाही. यद् आणि ऋच्छा, म्हणजे जे येऊन गाठेल ते, योगायोग. श्वेताश्वतर उपनिषदात जगाच्या मुळाशी काय असेल याची यादी करताना काल, स्वभाव, नियती आणि यदृच्छा ही नावं एका ओळीत येतात. नियती आणि यदृच्छा शेजारी शेजारी! मला यातून एवढं दिसतं: कृतीला कारणाच्या साखळीतून पूर्ण सोडवली तर ती स्वेच्छेच्या अंगणात येत नाही, यदृच्छेच्या रानात जाते. हात आपोआप उडाला तर मी ‘हात उचलला’ म्हणत नाही, ‘हात उचलला गेला’ म्हणतो. ‘स्वतंत्र इच्छा’ या शब्दाला माझा विरोध आहे तो याचसाठी. त्यात स्वातंत्र्य इच्छेला चिकटवलेलं आहे, जणू इच्छा कुठूनही न येता टपकली पाहिजे. पाणिनीने स्वतंत्र म्हटलं ते कर्त्याला.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘पर’ नेहमी बाहेरच असतो का? मराठीतलं ‘लागणे’ हे क्रियापद पाहा. जावं लागलं, सही करावी लागली: ही बाहेरची सक्ती. पण भूक लागते, नाद लागतो, वेड लागतं, चटक लागते, व्यसन लागतं. आतून आलेल्या गोष्टींनाही भाषा सक्तीचंच क्रियापद देते. त्यापुढे ‘सोडवत नाही’ आहे. दारू सोडत नाही आणि दारू सोडवत नाही, यांत एका अक्षराचा फरक, पण पहिल्यात माणूस कर्ता आहे आणि दुसऱ्यात त्याचं कर्तेपण डगमगतंय. ज्याच्या घरात असा माणूस होता त्याला हे अक्षर किती जड आहे ते सांगावं लागत नाही. तेव्हा कारण आतलं असलं की झालं स्वातंत्र्य, इतकं हे सोपं नाही. आतल्या काही कारणांना आपण ‘माझा विचार’ म्हणून आपलं मानतो आणि काही आपल्याला ‘लागतात’. रेघ नेमकी कुठे ओढायची हे कोणताही शब्द सांगणार नाही, पण रेघ आहे हे भाषेला माहीत आहे.

तशीच गल्लत ‘दैववाद’ आणि ‘नियतत्ववाद’ (सगळं कारणांनी ठरतं हे मत) यांत होते. कार्यकारणभाव मानणाऱ्याला दैववादी म्हणू नये. दैववादी म्हणतो, तू काहीही कर, व्हायचं ते होणार. कार्यकारण मानणारा म्हणतो, तू करशील तेही कारणांपैकी एक आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात (१३, १४) कर्म सिद्धीस नेणारी पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना चेष्टा (म्हणजे हालचाली) आणि पाचवं दैव. दैव पाचवं आहे, एकमेव नाही. आणि कर्ता कारणांच्या यादीतच आहे, यादीच्या विरुद्ध उभा नाही. ‘प्रारब्ध’ शब्दही असाच वाजवीपेक्षा जास्त भयाण करून ठेवलाय. त्याचा सरळ अर्थ ‘सुरू झालेलं’ एवढाच.

तेव्हा लिहिताना इच्छास्वातंत्र्य खुशाल वापरा. कर्त्यावर भर हवा असेल तर ‘आत्मस्वातंत्र्य’ही चालेल, टिळकांच्या गीतारहस्यातलं दहावं प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ आहे, आणि कर्माची साखळी व स्वातंत्र्य ही जोडी त्यांनी त्या शीर्षकात ‘व’ घालून जोडली आहे, ‘की’ घालून नाही.