सिल्व्हर्टनला (कोलोरॅडो) ट्रेनने जाऊन त्याच दिवशी परत यावं की राहावं? आणि तिथे खरंच कोणी राहतं का, की सगळं टुरिस्टांसाठीच मांडलेलं आहे?

राहा, एक रात्र तरी राहाच. ड्युरँगो या जवळच्या गावाहून ती वाफेची ट्रेन साडेतीन तास घेते, 45 मैल, 1882 पासूनची नॅरो गेज (आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा रूळ जरा रुंद), प्रवास भारीच आहे त्यात वादच नाही. पण गावात मिळतात जेमतेम दोन तास, आणि त्या दोन तासांत ट्रेनमधली सगळी माणसं एकदम ग्रीन स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य रस्त्यावर, उतरतात, बर्गरसाठी लाइन, टी-शर्टसाठी लाइन, आणि मग तुम्ही घरी येऊन सांगणार की काही खास नाही हो, नुसता बाजार आहे. शेवटची गाडी गेली की मग संध्याकाळी बघा, रस्त्याच्या मधून चाललात तरी कोणी हॉर्न देत नाही.

आणि हो, लोक राहतात तिथे. 2020 च्या जनगणनेत 622. पूर्ण सॅन वान काउंटीत हे एकच गाव आहे, बाकी सगळे डोंगर आणि बंद खाणी. उंची 9,318 फूट, हिवाळ्यात ट्रेन गावापर्यंत येतच नाही, आणि 550 हायवेवर दोन्ही बाजूंना घाट, बर्फाचे कडे कोसळले की रस्ता बंद, मग गाव आपलं आपलं. पक्का रस्ता म्हणाल तर तो ग्रीन स्ट्रीट, बाकी सगळ्या गल्ल्या मातीच्या. शेजारची ब्लेअर स्ट्रीट म्हणजे एकेकाळी दारूचे गुत्ते आणि कुंटणखाने, आता तिथे आइस्क्रीम खात फोटो काढतात लोक.

मूळची ही जमीन यूट या आदिवासी लोकांची, 1873 च्या करारात ती त्यांच्याकडून गेली आणि लगेच पुढच्या वर्षी गाव वसलं. चांदी, सोनं, शिसं, जस्त सगळं निघालं. सगळ्यात मोठी सनीसाइड खाण, ती बंद पडली 1991 ला, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, ज्यांनी आत काम केलं ती माणसं अजून आहेत. ओल्ड हंड्रेड खाणीची टूर जरूर घ्या, छोट्या गाडीतून डोंगराच्या पोटात नेतात. आमचा गाइड स्वतः खाणीत काम केलेला होता, त्याने ड्रिल चालू करून दाखवलं आणि पोरांनी कान गच्च धरले. जॅकेट न्या, आत उन्हाळ्यातही गारठा असतो.

गावाच्या वर डोंगरउतारावर येशूचा पांढरा संगमरवरी पुतळा दिसेल, तिथपर्यंत चढून जा. खाणींचे दिवस वाईट चालले होते तेव्हा 1959 मध्ये गावकऱ्यांनी तो बसवला. मग 1978 च्या जूनमध्ये लेक एमा नावाचं अख्खं तळं तळ फुटून खालच्या सनीसाइड खाणीत ओतलं गेलं, चिखल, लाकडं, यंत्रं सगळं बोगद्याच्या तोंडातून बाहेर. पण तो रविवार होता! एरवी शंभरावर माणसं आत असायची, त्या दिवशी एकही नाही. गावातले बरेच जण याचं श्रेय पुतळ्याला देतात. माझं मत विचाराल तर श्रेय सुट्टीचं, पण हे तिथे बोलू नका.

मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो सुपरफंडचा (प्रदूषित जागा साफ करायची अमेरिकेची सरकारी योजना) वाद. जुन्या खाणींतून आम्लयुक्त पाणी नदीत झिरपत होतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सरकारी साफसफाईच्या यादीत नाव जाऊ नये म्हणून गावाने वर्षानुवर्षं विरोध केला, कारण एकदा शिक्का बसला की टुरिस्ट येणार नाहीत, आणि खाणी परत सुरू होतील ही आशा पण काही जणांना होतीच. मग 5 ऑगस्ट 2015 ला गोल्ड किंग खाणीत पर्यावरण खात्याच्याच देखरेखीखाली काम चालू असताना तोंड फुटलं, 30 लाख गॅलन घाण पाणी अ‍ॅनिमस नदीत, नदी चक्क नारिंगी झाली, आणि ते पाणी न्यू मेक्सिको, नाव्हाहो आदिवासी लोकांच्या शेतीपर्यंत गेलं. पुढच्या वर्षी गावानेच यादीत घ्या म्हणून ठराव केला. बाहेरून हसणं सोपं आहे, पण काम देणारी खाण गेली, उरलं फक्त पर्यटन, त्यात परत नाव खराब, तुम्ही काय केलं असतं?

जुलैत गेलात तर हार्डरॉक 100 ची धावण्याची शर्यत बघायला मिळेल, 100 मैल, डोंगरांतून, सनीसाइड बंद पडल्यावर पुढच्याच वर्षी सुरू झालेली. शर्यत संपली की पळणारे एका मोठ्या दगडाचे मुके घेतात. पण त्या आठवड्यात रूम मिळणं अवघड, खूप आधी बुक करा.

बाकी, पहिल्या दिवशी डोकं दुखतं, पाणी भरपूर प्या, आणि किचनवाली रूम घेऊन भात लावणार असाल तर कुकर लागेल, पाणी 90 डिग्रीलाच उकळतं. ट्रेनने जा आणि येताना त्यांचीच बस घ्या, वेळ वाचतो. स्वतःची गाडी असेल तर उत्तरेकडच्या उरे गावाच्या बाजूचा रस्ता दिवसाउजेडीच करा, कडेला कठडे नाहीत.