रोजची ती कॅप्सूल

प्रश्न: माझे वय ३१ आहे. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. पूर्वी वेळेवर येणारी पाळी आता दोन-दोन महिने येत नाही. सोनोग्राफी आणि थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आहे. मागच्या महिन्यात नणंदेच्या डोहाळजेवणात सासूबाईंनी सर्वांसमोर मला ओटी भरू दिली नाही. त्या रात्री मला जेवण गेले नाही. ॲसिडिटीसाठी दीड वर्षापासून रोज सकाळी कॅप्सूल घेते, तरी जळजळ थांबली नाही. यजमान समजूतदार आहेत, तेच मेडिकलमधून सगळे आणून देतात. आम्ही वेगळे बिऱ्हाड करावे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: तुमच्या पत्रातील ज्या ओळीवरून मी पुढे जाऊ शकले नाही, ती ओटीची नाही, कॅप्सूलची आहे. घर बदलण्याचा विचार नंतर करू. आज त्या कॅप्सूलचे पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या नावाशेजारी डॉम्पेरिडोन (मळमळ थांबवणारे औषध) असे लिहिलेले असेल, तर तुमच्या लांबलेल्या पाळीचे एक कारण कदाचित तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच ठेवलेले आहे.

हे कसे घडते ते समजून घ्या, कारण ते समजले की तुम्ही स्वतःला दोष देणे थांबवाल. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते आणि तिच्या वर असलेला हायपोथॅलॅमस तिला संप्रेरकांच्या भाषेत निरोप धाडत असतो. त्यातला एक निरोप ठरावीक अंतराने, पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण तास-दीड तासाने, ठोक्यासारखा जातो. त्यावर पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके रक्तात सोडते, त्यांच्यामुळे बीजांडकोशात बीज वाढते, पिकते आणि सुटते. बीजांडकोशही गप्प बसत नाही: त्याचे इस्ट्रोजेन परत मेंदूपर्यंत पोहोचून पुढचा निरोप मंद करायचा की जोराचा, हे ठरवायला मदत करते. म्हणजे पाळी केवळ गर्भाशयात घडत नाही. ती या सततच्या देवघेवीतून घडते.

याच पिट्युटरीत दूध निर्माण करायला लावणारे प्रोलॅक्टिनही तयार होते, आणि त्याची रीत वेगळी आहे. इतर संप्रेरके वरून हुकूम आला की सुटतात. प्रोलॅक्टिनला मात्र सतत आवरून धरावे लागते आणि ते काम हायपोथॅलॅमसकडून येणारे डोपामिन करते. डॉम्पेरिडोन पिट्युटरीवरील डोपामिनची जागाच अडवते. लगाम सुटतो, प्रोलॅक्टिन वाढते, आणि वाढलेले प्रोलॅक्टिन वरच्या त्या ठोक्यांना मंदावते. मग एफएसएच व एलएच कमी पडतात, बीज सुटत नाही आणि पाळी लांबते. बाळ अंगावर पीत असताना अनेक बायकांची पाळी महिनोन्‌महिने येत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. तीच यंत्रणा औषधाने, बाळ नसताना, चालू होऊ शकते. म्हणून एक विचारते, संकोच करू नका: स्तनाग्रांतून पांढरट थेंब येतात का? येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगायचे आहे.

डॉक्टरांनी ‘काही औषधे चालू आहेत का?’ असे विचारले तेव्हा तुम्ही ‘नाही’ म्हणाला असाल, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते, कारण ॲसिडिटीच्या कॅप्सूलला आपल्याकडे औषध मानतच नाहीत. मला याचा फार राग येतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये, मुख्यतः हृदयावरील परिणामांमुळे, डॉम्पेरिडोन केवळ मळमळ व उलटीसाठी आणि एरवी एका आठवड्यापेक्षा जास्त काळ देऊ नये, अशी शिफारस केली होती. तुमच्या पाकिटावर ते नाव असेल, तर तुम्ही ते दीड वर्ष घेत आहात, आणि बहुधा कोणाच्या चिठ्ठीशिवाय.

तुमच्या यजमानांचे तुम्ही केलेले कौतुक मला पटलेले नाही. अठरा महिने पाकिटे आणून देणाऱ्या माणसाने एकदा तरी ‘ही किती दिवस घ्यायची?’ असे विचारायला हवे होते. शिवाय चार वर्षांत त्यांची स्वतःची वीर्यतपासणी झाल्याचे पत्रात कुठेही नाही. ती सोपी आहे आणि पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती.

तेव्हा एकच करा: या आठवड्यात दोघे मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवा आणि प्रोलॅक्टिनची तपासणी झाली आहे का, असे स्पष्ट विचारा. औषध बंद करून काही दिवसांनी ती तपासणी केली, तर वाढ औषधामुळे होती की पिट्युटरीतील एखाद्या छोट्या गाठीमुळे, हे त्यांना ओळखता येईल. गाठ असली तरी ती बहुतेक वेळा साधी असते आणि गोळ्यांनी आटोक्यात येते. डोके सतत दुखत असेल किंवा बाजूचे दिसणे कमी झाले असेल, तर आठवड्याचीही वाट पाहू नका. जळजळीचा इलाजही त्यांनाच विचारा. कॅप्सूलच्या पाकिटावर डॉम्पेरिडोन नसले, तरीही जा. दोन-दोन महिने पाळी न येण्याचे कारण शोधायलाच हवे.

बिऱ्हाडाविषयी मला रिपोर्ट आल्यानंतर लिहा. आणि जाताना पाकीट पर्समध्ये टाकल्याची खात्री करा, नुसते नाव आठवून सांगू नका.