नडगीवरचे पापुद्रे आणि द्राक्षाचा रस

प्रश्न : थंडी पडली की माझ्या दोन्ही नडग्यांवर पांढरे पापुद्रे सुटतात. खोबरेल लावलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. बागेतल्या आंबट द्राक्षांचा रस चोळावा, की फळांच्या आम्लाचं क्रीम आणावं?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : रस नको. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं हे खरं, पण कुठल्या घडात किती, हे डोळ्यांनी कळत नाही. शिवाय सालीवर फवारणीचे अंश असू शकतात. लिंबू तर मुळीच लावू नका. त्याच्या रसाचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 2 च्या आसपास असतो, आणि कागदी लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं तर फोड येतात, मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात.

क्रीममधलं ग्लायकोलिक आम्ल उसातही सापडतं, लॅक्टिक आंबट दह्यात. बाटलीतलं बहुतेक कारखान्यात बनतं, आणि ते बरंच, कारण त्याचं प्रमाण मोजलेलं असतं. ही आम्लं मेलेल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे दुवे सैल करतात, म्हणून पापुद्रा न घासता सुटतो. कोरड्या पायांना आम्ही लॅक्टिकच सुचवू. ते त्वचेत पाणीही धरून ठेवतं. सुरुवात 5 टक्क्यांनी करा. पायांना पुढे 12 टक्क्यांपर्यंत चालतं, चेहऱ्याला नाही.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबा. मग आठवड्यातून दोन रात्री लावा. कढत पाणी आणि वजरी बंद. कोमट पाण्याने आंघोळ दहा मिनिटांत आटपा. टॉवेलने टिपून पाय पूर्ण कोरडे झाले की मगच क्रीम लावा, ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. बोटाच्या शेवटच्या पेराएवढी एक रेघ, अशा तीन रेघा गुडघ्याखालच्या एका पायाला पुरतात. वर व्हॅसलीन किंवा साधं मॉइश्चरायझर लावा. ते मात्र रोज हवं. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच: आम्ल रोज आणि मॉइश्चरायझर कधीमधी. मग त्वचा लाल होऊन आणखी सोलते. तसं झालं तर आम्ल आठवडाभर थांबवा. भेगांवर, किंवा वॅक्सिंग केलं त्या दिवशी ते लावायचं नाही.

आम्लामुळे ऊन जास्त बाधतं, बंद केल्यावरही आठवडाभर. बागेत जाताना पाय झाका.

पापुद्रे गोल कडा धरून पसरत असतील तर ते गजकर्ण असू शकतं. त्यावर, किंवा मधुमेह असून पायाला भेगा असतील तर, आम्ल न लावता आधी डॉक्टरांना दाखवा.